पाऊस नाही, तरी छतातून थेंब: व्हॅनच्या डे कॅम्परमधली ओल कशी शोधायची

मालवाहू व्हॅनची आतून डे कॅम्पर, म्हणजे दिवसभराच्या सहलीत बसायची-खायची सोय असलेली गाडी केली, की पहिल्या काही महिन्यांत एक तक्रार हमखास सुरू होते. बाकावरची गादी एका कोपऱ्यात सर्द लागते. छताच्या प्लायवर फिकट तपकिरी डाग उमटतो. चार दिवस बंद असलेल्या गाडीचं दार सरकवलं की कुबट वास येतो. मग आपण शिडी लावतो, छतावरच्या पंख्याभोवती सीलंटची, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लगद्याची, आणखी एक रेघ ओढतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि डाग पुन्हा बोटभर वाढलेला दिसतो.

माझ्या गाडीत हे चक्र तीनदा फिरलं. तिसऱ्या वेळी मी पंखा पूर्ण उतरवला, जुनं सीलंट पत्र्यापर्यंत खरवडून काढलं आणि सगळं नव्यानं बसवलं. त्यानंतर अकरा दिवस पाऊस पडला नाही. बाराव्या दिवशी पहाटे दूरच्या सहलीला निघायचं म्हणून गाडी उघडली, तर माझ्या डोळ्यांदेखत प्लायच्या सांध्यातून थेंब पडला. अकरा दिवस कोरडे गेल्यावर बाहेरून पाणी येणार कुठून? तेव्हा कुठे मी सीलंटची नळी खाली ठेवली आणि मुळापासून शोध सुरू केला.

शोधाअंती निघालं ते असं: माझ्या छतात दोन वेगवेगळी पाणी होती. एक आतल्या बाष्पाचं, म्हणजे पत्र्याला फुटलेल्या घामाचं. दुसरं खरोखरच पावसाचं, पण पंख्यातून येणारं नाही. दोन्ही एकाच डागात मिसळत होती, म्हणून कुठलाही एक उपाय केला की थोडा फरक पडायचा आणि तक्रार मात्र कायम राहायची. दुरुस्ती करूनही ओल वारंवार परत येत असेल तर ही शक्यता सगळ्यांत आधी डोक्यात ठेवा.

आधी वेळ बघा, जागा नंतर

ओल कुठे आहे हे आपण लगेच बघतो. ती कधी आली हे कोणी लिहून ठेवत नाही. खरं निदान वेळेवरून होतं. महिनाभर एक साधी वही ठेवा: आदल्या रात्री पाऊस होता का, आकाश निरभ्र होतं की ढगाळ, दिवसभरात गाडीत किती माणसं बसली, गॅस किती वेळ चालला, ओले कपडे किंवा टॉवेल आत राहिले का, आणि सकाळी ओल कुठे लागली.

माझ्या वहीत जो नमुना दिसला तो मला अगदीच अनपेक्षित होता. सर्वांत जास्त थेंब निरभ्र रात्रींनंतर पडत होते, ढगाळ रात्रींनंतर फार कमी. याचं कारण सरळ आहे. उघड्या आकाशाखाली उभ्या गाडीचं छत रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणून पहाटे टपावर दव साचतं, आणि शेजारी झाडाखाली किंवा छपराखाली लावलेल्या गाडीवर ते फारसं नसतं. तेच दव छताच्या आतल्या बाजूलाही धरतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही, कारण मध्ये आपणच प्लाय बसवलेला असतो. ढग असले की ही उष्णता बरीचशी अडते, छत तेवढं थंड होत नाही आणि घाम कमी फुटतो.

थोडक्यात, निरभ्र रात्रीनंतर ओल असेल तर संशय बाष्पावर घ्या. पाऊस थांबल्यावर काही तासांनी किंवा गाडी उतारावर लावल्यावर ओल येत असेल तर गळतीवर. दोन्ही वेळा येत असेल, तर माझ्यासारखी दोन्ही असू शकतात.

वहीनं दिशा मिळते, खात्री करायला दोन चाचण्या पुरतात. पहिली: गाडी आतून पूर्ण वाळवा, गाद्या, पडदे, टॉवेल, पाण्याची टाकी सगळं बाहेर काढा आणि दोन-तीन रात्री रिकामी बंद ठेवा. पाऊस नसताना ती कोरडी राहिली आणि माणसं बसून गेल्यावर ओली झाली, तर ते पाणी आपणच आत आणतो आहोत. दुसरी चाचणी मला जास्त आवडते. छताचा एक प्लाय उतरवा, डागाजवळचा पत्रा कोरडा पुसा आणि त्यावर वीतभर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. सकाळी प्लास्टिकच्या आपल्याकडच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेतलं बाष्प. प्लास्टिकच्या मागे, पत्र्याच्या बाजूला पाणी असेल तर ते सांध्यातून किंवा भोकातून आलेलं आहे. मी एकाच वेळी चार ठिकाणी चौकोन लावले. तीन ठिकाणी पाणी समोरच्या बाजूला होतं, चौथ्या, अगदी मागच्या चौकोनात दोन्ही बाजूंना.

एवढं पाणी येतं कुठून?

"आम्ही गाडीत झोपतसुद्धा नाही, दिवसभर बसतो आणि घरी येतो, मग बाष्प कसलं?" हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून थोडा हिशेब मांडते.

२० अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. १० अंशांची हवा सुमारे साडेनऊ ग्रॅमच. मध्यम आकाराच्या व्हॅनच्या आत ८ घनमीटर हवा धरू. संध्याकाळी आत २० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत जवळजवळ ११० ग्रॅम पाणी आहे. गाडी बंद करून रात्री ती १० अंशांपर्यंत उतरली, तर ती हवा ७५ ग्रॅमच धरू शकते. उरलेलं ३५ ग्रॅम पाणी सर्वांत थंड जागी, म्हणजे पत्र्यावर, उतरतं. आणि हे फक्त हवेतलं. गादीचा फोम, पडदे, प्लाय दिवसभर बाष्प शोषून बसलेले असतात, ते रात्रभर हवेला पुरवठा करत राहतात.

आता भर घालणारे स्रोत बघा. नुसता बसलेला माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं दोन तास बसले की पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. गॅसची शेगडी तर याहून फसवी. पाणी उकळताना दिसणारी वाफ आपण मोजतो, पण ज्योतीतूनच पाणी तयार होतं हे लक्षात येत नाही. प्रोपेन असो की ब्युटेन, १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. २ किलोवॅटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १५० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे २० मिनिटांच्या स्वयंपाकात फक्त जळण्यातून ८० ग्रॅम पाणी, भांड्यातली वाफ वेगळी. आणि पावसातून आत आलेली ओली जाकिटं, बूट, पोहून आलेल्या मुलांचे टॉवेल यांचं पाणी तर थेट लिटरच्या हिशेबात जातं.

दिवसाच्या गाडीची एक खास अडचण आहे. रात्री गाडीत झोपणारा माणूस सकाळी खिडक्यांवरचं पाणी बघतो, पुसतो, दारं उघडतो. आपण संध्याकाळी घरी येतो, दार ओढून कुलूप लावतो आणि दिवसभराचं सगळं बाष्प आत कोंडून निघून जातो. दुसऱ्या दिवशी उन्हानं आतली हवा तापते, गाद्यांमधलं पाणी पुन्हा हवेत येतं, रात्री पुन्हा पत्र्यावर उतरतं. आठवडाभर तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं. माझ्या बाराव्या दिवसाच्या थेंबाचं उत्तर हेच होतं. चार दिवस आधीच्या सहलीचं ते पाणी होतं.

एक साधा आर्द्रतामापक गाडीत टांगा. स्वस्त मापकांच्या आकड्यात फरक असतो, म्हणून आधी तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थोडंसं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसायला हवा. माझा ६९ दाखवत होता, म्हणजे मी महिनाभर सहा टक्के कमी समजत होते.

आकडा कसा वाचायचा याचा एक सोपा ठोकताळा आहे. हवा ५० टक्क्यांहून दमट असेल, तर १०० पासून दर ५ टक्के खाली गेल्यावर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) हवेच्या तापमानाहून साधारण १ अंश खाली जातो. आत २० अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास. पत्रा १२ च्या खाली गेला की घाम फुटणार. ८० टक्के असेल तर १६ अंशांनाच फुटणार, आणि तेवढी थंडी बऱ्याच ठिकाणी कुठल्याही ऋतूत पहाटे असते.

अस्तराच्या मागे काय सापडलं

छताचे तीनही प्लाय उतरवले तेव्हा माझ्याच कामातल्या तीन चुका समोर आल्या. त्या सविस्तर सांगते, कारण जवळजवळ सगळेजण याच वाटेनं जातात.

पहिली चूक उष्णता अडवायला लावलेल्या चंदेरी बबल शीटची, म्हणजे हवेचे फुगे असलेल्या चकचकीत प्लास्टिकची. चमकणारा पृष्ठभाग उष्णता परावर्तित करतो हे खरं, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी हवा लागते. शीट पत्र्याला दाबून लावली तर ती काम करत नाही, आणि सैल लावली तर पत्रा आणि शीट यांच्यामध्ये हवेची फट राहते. त्या फटीत बाष्प कडेनं सहज शिरतं आणि थंड पत्र्यावर थेंब होतं. माझी शीट चार कोपऱ्यांत चिकटवलेली होती, मधोमध झोळ पडला होता आणि त्या झोळात अक्षरशः अर्धी वाटी पाणी साठलं होतं.

दुसरी चूक फासळ्यांची. छताच्या आडव्या फासळ्या आतून पोकळ असतात. "मोकळी जागा कशाला सोडायची" म्हणून मी त्यात काचलोकर कोंबली होती. काचलोकर कोरडी असते तोवर उत्तम, पण ती बाष्प अडवत नाही. बाष्प तिच्यातून पत्र्यापर्यंत जातं, तिथे पाणी होतं आणि लोकर ते धरून ठेवते. मी बाहेर काढलेली लोकर पिळली तर पाणी निथळलं. आतून फासळीला गंजाची खपली धरली होती. मेंढीची लोकर वापरणारे सांगतात की ती ओल शोषते आणि सोडते. ते खरं आहे, पण सोडायला तिला वारा लागतो. बंद फासळीत कुठलीच लोकर नको, ही माझी आता पक्की धारणा आहे.

तिसरी चूक सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी. प्लाय बसवताना मी स्क्रू थेट पत्र्याच्या फासळीत मारले होते. पोलाद उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त वाहतं. प्रत्येक स्क्रू म्हणजे बाहेरची थंडी आत आणणारा एक पूल झाला. त्याच्या डोक्यावर पाणी धरायचं, भोवती प्लायवर गोल डाग पडायचा, आणि आत शिरलेल्या टोकाला गंज. माझा तो "गळतीचा" डाग नीट पाहिला तर पाच गोल डागांची माळ होती. पाचही जागी स्क्रू होते. हे मी आधी वर मान करून पाहिलं असतं तर पंखा उतरवावाच लागला नसता.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावल्यानं घाम थांबतो असा समज आहे. अर्धवट लावलेल्या इन्सुलेशननं तो वाढतो. उघड्या पत्र्याच्या गाडीत आतली थोडी उष्णता पत्र्यापर्यंत पोचत होती आणि थेंब पडला तर दिसत होता. अस्तर लावल्यावर पत्रा आणखी थंड राहतो आणि पाणी नजरेआड जातं. त्यामुळे एक तर पत्र्यापर्यंत हवा पोचणारच नाही असं चिकटवा, नाही तर तिथे हवा मोकळी खेळेल असं ठेवा. मधली अवस्था वाईट.

मी काय बदललं, आणि कोणत्या क्रमानं

आधी वाळवण. प्लाय उतरवून, दारं उघडी ठेवून, पंखा लावून पूर्ण पाच दिवस गाडी वाळवली. लाकडात टोचायचा ओलावामापक असेल तर प्लाय १५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबा. २० च्या वर टिकून राहिलेल्या लाकडात कूज लागायचा धोका असतो. डाग पडलेला प्लाय वाळला तर परत वापरता येतो, पण थर सुटले असतील किंवा काळी बुरशी आतपर्यंत गेली असेल तर मोह सोडून द्या.

मग गंज. तारेच्या ब्रशनं खपली काढली, पत्रा पुसला, गंज बांधणारं रसायन लावलं, वाळल्यावर जस्ताचा प्रायमर आणि वर रंग. स्क्रूची जुनी भोकंही अशीच रंगवून बंद केली.

मग इन्सुलेशन. बंद पेशींचा (ज्यातले हवेचे कप्पे एकमेकांपासून बंद असतात असा) नायट्राइल रबर फोम घेतला, मागे चिकट थर असलेला. तो स्वतःच बाष्प फारसं जाऊ देत नाही, आणि वळणावर पत्र्याला घट्ट बसतो. पत्रा आधी स्पिरिटनं पुसा, नाही तर उन्हात चिकट थर सुटतो. मधूनच चिकटवू नका. एका कडेनं सुरुवात करून तळव्यानं दाबत हवा बाहेर काढत जा. दोन तुकड्यांचे सांधे त्याच फोमच्या टेपनं बंद केले. फासळ्या आतून मोकळ्या ठेवल्या, पण त्यांच्या खालच्या तोंडावर पातळ फोमची पट्टी सलग चिकटवली. जागा कमी म्हणून फासळ्या तशाच सोडण्याचा मोह होतो, पण जाड फोममध्ये उघडी फासळी ठेवली तर सगळं पाणी तिच्यावरच उतरतं. पातळ का होईना, पण सलग थर हवा.

मग प्लायसाठी लाकडी पट्ट्या. त्या फासळ्यांना पॉलियुरेथेन चिकटद्रव्यानं चिकटवल्या, आणि आधारासाठी फक्त दोन्ही टोकांना एकेक स्क्रू. प्लायचे स्क्रू आता फक्त लाकडात जातात, पत्र्यापर्यंत एकही पोचत नाही.

आणि शेवटी हवा. प्रामाणिकपणे सांगायचं तर बाकी सगळ्या कामाहून जास्त फरक यानं पडला. छतावर बाहेर फेकणारा पंखा होताच, पण आत येणारी हवा कुठून येणार याचा मी विचारच केला नव्हता. दारं घट्ट बंद असली की पंखा नुसता गुरगुरतो. मी मागच्या दाराच्या खालच्या भागात, पाऊस शिरणार नाही अशी झाप असलेली जाळी बसवली. खालून थंड हवा आत, वरून दमट हवा बाहेर. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर अर्धा तास पंखा चालतो. घरी आल्यावर गाडी बंद केली तरी छताची झडप दोन बोटं उघडी राहते, त्यासाठी तिच्यावर पावसाची टोपी लावली.

बाहेर दमट असताना हवा खेळवून काय उपयोग, असं विचारतात. बाहेर थंडी असेल तर उपयोग मोठा आहे. ५ अंशांची हवा अगदी १०० टक्के दमट असली तरी तिच्यात घनमीटरला सातएक ग्रॅमच पाणी असतं. तीच हवा आत २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर उकाडा आणि दमटपणा असेल तर गाडी वाळणार नाही हे खरं, पण निदान आतलं बाष्प बाहेरच्याहून जास्त होणार नाही. तेवढ्यानंही थेंब पुष्कळ कमी होतात.

ओल शोषणारे डबे आणि पिशव्या मी वापरून पाहिल्या. बंद उभ्या गाडीत, झडपाही बंद असतील तर, त्या थोडं काम करतात. माणसं बसलेल्या गाडीत तासाला शंभर ग्रॅम पाणी येत असताना त्यांचा निभाव लागत नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: गाडी वाळवायला किंवा उबदार करायला शेगडी पेटवून ठेवू नका. ती हवेत आणखी पाणी घालते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून माणूस दगावू शकतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. हीटर हवा असेल तर ज्याचा धूर नळीनं गाडीबाहेर जातो असाच घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटी बसवा. थंडी वाजते म्हणून जाळीवर कापड कोंबण्याची चूकही कुणी करू नये. एलपीजी हवेहून जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं, तेही कधी बुजवू नका.

उरलेला मागचा डाग

एवढं सगळं झाल्यावर पुढचे चार गोल डाग थांबले. मागच्या दाराजवळचा पाचवा मात्र पाऊस पडला की ओला व्हायचा. प्लास्टिकचा चौथा चौकोन हेच सांगत होता.

आता पाइपची चाचणी. ती एकट्यानं होत नाही. धाकटा भाऊ टॉर्च घेऊन आत बसला, मी बाहेर पाइप धरला. आतून संशयित सांध्यांवर खडूच्या जाड रेघा ओढल्या होत्या. ओघळ आला की रेघ कापली जाते आणि वाट लगेच कळते. पाणी नेहमी खालून सुरू करा: आधी दाराचं खालचं रबर, दहा मिनिटं थांबा, मग दिवे, मग बिजागऱ्या, मग पन्हळ, सर्वांत शेवटी छत. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच ठरवता येत नाही. धार मंद ठेवा. जोराच्या धारेनं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि आपण भलत्याच जागेच्या मागे लागतो.

छतापर्यंत पोचायच्या आधीच आतून आवाज आला, "ताई, थांब! आलं, वरच्या ब्रेकच्या दिव्याखालून येतंय."

मागच्या दारांच्या वर मधोमध जो तिसरा ब्रेकचा दिवा असतो, त्याच्या मागचं फोमचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी गादी, चपटं होऊन तडकलं होतं. पाणी तिथून आत शिरून मागच्या फासळीत जायचं, फासळीवरून हातभर पुढे वाहायचं आणि माझ्या पाचव्या स्क्रूपाशी टपकायचं. गळतीची जागा आणि थेंबाची जागा एक नसते, हे ऐकलेलं होतं, त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. नवं गॅस्केट, ते मिळेपर्यंत ब्युटाइल टेप (फट बुजवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी), आणि डाग थांबला.

मालवाहू गाड्यांत पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून शोधताना याही बघा: छताच्या कॅरियरसाठी कारखान्यातून ठेवलेल्या भोकांची रबरी बुचं, मागच्या दाराला वायर जाते त्या भोकातलं रबरी कडं (ग्रॉमेट), मागच्या दिव्यांची गॅस्केटं, समोरच्या काचेखालच्या खळग्यात पानं साचून तुंबलेला निचरा. सरकत्या दाराच्या आतलं आवरण वायर ओढायला काढलं असेल, तर त्यामागचा प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवला का ते पाहा. दारात पाणी जातंच, आणि तो पडदा ते खाली वळवतो. तो फाटला की पाणी थेट गाडीत येतं.

स्वतः कापून बसवलेल्या खिडक्या आणि पंख्यांबद्दल दोन गोष्टी. कापलेली कड प्रायमर आणि रंग लावूनच झाका, उघड्या पोलादावर सीलंट लावलं तर खाली गंज धरतो, फुगतो आणि सीलंट उचलतो. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नका. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते पोलादाला खातं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग किंवा दुसरं सीलंट नीट धरत नाही. पंख्याच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरा. छताला उंच-सखल पन्हळी असतील तर खोलगट भाग आधी भरून सपाट करा, नाही तर चौकट फक्त उंचवट्यांवर टेकते. जुन्या सीलंटवर नवी रेघ ओढणं हा उपाय नाही. पाणी जुन्या थराखालूनच जात असतं.

खालची भोकं

हे थोडक्यात सांगते, पण विसरू नका. दारांच्या खालच्या कडेला आणि बाजूच्या उंबरठ्यांत लहान लांबट भोकं असतात. ती निचऱ्यासाठी असतात. धूळ येते, आवाज येतो म्हणून ती सीलंटनं बुजवली किंवा पोकळीत फवारणीचा फोम भरला, की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंग फुगलेला दिसेपर्यंत बरंच उशीर झालेला असतो. वाकवलेल्या तारेनं सगळी भोकं मोकळी करून घ्या. मी बाजूच्या प्लायचा खालचा हातभर भाग वेगळा, चार स्क्रूंवर उघडेल असा केला आहे, म्हणजे वर्षातून दोनदा आत हात घालून बघता येतं. जमिनीच्या प्लायखाली पाणी गेलं तर ते वरून वाळत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीची जोडणी आणि पाय पुसायची जागा यांखाली कड उचललेली ट्रे ठेवली आहे.

आता निरभ्र रात्रीनंतर सकाळी आत ५५ ते ६५ टक्के आर्द्रता असते, पूर्वी ८५ च्या पुढे असायची. गाद्या कोरड्या आहेत, कुबट वास गेला. एकच जागा उरली आहे: मागच्या दाराच्या हँडलमागची पोकळी. तिथे अजूनही थेंब धरतात. फोम घातला तर कुलपाच्या सळया अडकतील, म्हणून ती उघडी ठेवली आहे. खालचं निचऱ्याचं भोक मोकळं आहे एवढं बघते, आणि सहलीहून परतल्यावर आत फडकं फिरवून घेते.